सातवा गडी

शिवाचा गुडघा गेला तो सामन्यात नाही, सरावात. चढाई करून तो परत येत होता. मध्यरेषेजवळ त्याचा पाय जमिनीत रुतल्यासारखा थांबला आणि अंग मात्र पुढे गेलं. झालेला आवाज मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्यांनाही ऐकू आला. संघाला शिकवणारे दाजी धावत गेले, गुडघ्याला नुसता हात लावून पाहिला आणि शिवाला पाठुंगळी घेतलं.

१९७३ सालचा डिसेंबर होता तो. पेणकरपाड्याच्या नवजीवन क्रीडा मंडळाचा कबड्डीचा संघ त्या वर्षी पहिल्यांदाच असा बांधला गेला होता की आजूबाजूच्या गावांत त्याचं नाव निघत होतं. जानेवारीच्या शेवटी भाईंदरला मोठी खुली स्पर्धा होती. तिथे मुंबईच्या कंपन्यांची माणसं येऊन बसत आणि एखादा गडी नजरेत भरला तर त्याला नोकरीला बोलावत. पाड्यातल्या पोरांना हे चांगलं ठाऊक होतं. कुणी मिठागरात राबत होता, कुणी हाटकेशला नव्याने निघालेल्या छोट्या कारखान्यांत रोजंदारीवर होता. डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या धाकूची तर सगळी आशा त्या स्पर्धेवर होती. समोरच्या गड्याच्या घोट्यावर एकदा त्याची बोटं बसली की तो गडी नुसता तडफडायचा.

"या वर्साला माझं काम होनार, दाजी," तो म्हणायचा.

होण्यासारखंही होतं. फक्त संघ शेवटच्या दिवसापर्यंत टिकायला हवा होता आणि त्यासाठी चढाईत गुण आणणारा माणूस हवा होता. तो माणूस आता पायाला फळ्या बांधून घरात पडला होता.

दाजी मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी स्वतः चांगले खेळलेले. दहिसरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि पाड्यात भाड्याच्या खोलीत बायको शालू हिच्याबरोबर राहत होते. मूलबाळ नव्हतं. कामावरून आले की चहा घेऊन थेट मैदानावर. पोरांना शिव्या देत, पण शिवी दिलेल्या पोराच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन चौकशीही करत. संघ त्यांचा होता, हे पाड्यात कुणी कागदावर लिहिलं नव्हतं, तरी सगळे धरून चालत.

मंडळाचा सेक्रेटरी फ्रेडी. तो उत्तनचा, भाईंदर स्टेशनजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. कमिटीची बैठक तिथेच भरायची, टायरांच्या ढिगावर बसून.

"नाथा रिकामा हाय," फ्रेडी म्हणाला.

नाथा कोण हे सगळ्यांनाच माहीत होतं. मुंबईच्या एका कंपनीच्या संघातून तो काही वर्षं खेळला होता आणि पेपरात त्याचा फोटो आला होता. मग मॅनेजरशी बिनसलं, नोकरी सुटली आणि आता तो भाईंदरला मामाकडे राहून एका गोदामात काम करत होता. आणि त्याची बायको चंपा ही याच पाड्यातली, गोदूबाईची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती माहेरी परत आली ती हात गळ्यात बांधून. डावा कान नाथाच्या एका फटक्यात कायमचा गेला होता. तेव्हा पाड्यात लोक हळहळले होते. काही दिवसांनी 'जरा जास्तच झालं त्याच्याकडून' असं म्हणू लागले होते. त्यानंतर फार कुणी काही बोलत नव्हतं.

"पन चंपा..." कुणीतरी सुरुवात केली.

"खेळ वेगळा, घर वेगळं," दुसरा म्हणाला. "आपन त्याला गडी म्हनून आनतोय. जावई म्हनून न्हाय."

दोघंतिघं हसले. सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजींच्या डोळ्यांपुढे शिवाचा सुजलेला गुडघा होता, धाकूचा चेहरा होता. चंपा त्यांना नीटशी आठवतही नव्हती.

"एकदा खेळताना बघू," ते म्हणाले.

आणि बघायला नको होतं, असं त्यांना पुढे अनेकदा वाटलं. कारण नाथा खेळायला उतरला आणि दाजी आपलं वय विसरले. उंच, सडपातळ माणूस. चढाईला जाताना घाई नाही, दम घुमवण्याचा आवाज एकसारखा, विहिरीतून आल्यासारखा. उजव्या कोपऱ्याकडे बघत तो डाव्या कोपऱ्याला पाय मारून आला, आणि पाय कधी लागला हे खुद्द धाकूला कळलं नाही. दुसऱ्या चढाईत तिघांनी त्याला घेरलं. तो खाली बसला, एकाच्या काखेखालून निघाला आणि मध्यरेषेवर हात टेकवून उठला. अंगाची माती झटकताना तो जरा लाजल्यासारखा हसला.

"आपला सातवा गडी मिळाला," फ्रेडी दाजींच्या कानात म्हणाला.

नाथा वागायलाही चांगला निघाला. सगळ्यांच्या आधी मैदानावर येऊन पाणी मारायचा, खडे वेचायचा. मोठेपणा मिरवत नव्हता. धाकूला त्याने जवळ बसवून सांगितलं, "तू गड्याच्या डोळ्यांकडे बघतोस, म्हणून फसतोस. कमरेकडे बघ. कंबर खोटं बोलत नाही." शिवाला सायकलवर बसवून त्यानेच भाईंदरच्या डॉक्टरकडे नेलं. दाजींना त्याच्याविषयी जे ऐकलं होतं ते आणि समोर जे दिसत होतं ते, यांचा मेळ लागेना. मेळ लावायची त्यांना गरजही वाटत नव्हती. संघ उभा राहत होता.

आठवडाभराने एका संध्याकाळी जेवताना शालू म्हणाली, "चंपा आताशा मैदानावरून येत नाही, तुमच्या लक्षात आलंय का?"

"कुठून येत नाही?"

"हाटकेशला प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला आहे ना ती. सुटली की मैदानाच्या कडेने घरी येते. यायची. आता मिठागराच्या बांधावरून वळसा घालून येते. त्या बांधावर एक दिवा नाही. परवा पाय घसरून पडली, गुडघ्यापर्यंत चिखल होता. मी विचारलं तर म्हणाली, इकडून वारा चांगला लागतो."

दाजी भात कालवत राहिले.

"तुम्ही सगळे बसून बोललात," शालू म्हणाली. "खेळ वेगळा, घर वेगळं. मला फ्रेडीच्या बायकोने सांगितलं. चंपाचं घर मैदानापासून हाकेवर आहे, हे तुमच्यातल्या एकालाही सुचलं नाही?"

"मला नाही सुचलं," दाजी म्हणाले. खरंच सुचलं नव्हतं. त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. कुणी दोन बाजू तोलून चंपाला दूर सारलं असतं तर ती निदान मोजली तरी गेली असती. इथे ती हिशेबातच नव्हती.

रविवारी सकाळी ते गोदूबाईकडे गेले. म्हातारी दारात बसून सुकट निवडत होती. तिने वर पाहिलं, पण या म्हणाली नाही. आतून चंपा आली. तिने दाजींसाठी पाट मांडला, मग तो उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

"इकडं बसा. या कानानं मना ऐकू येत न्हाय."

दाजी उजव्या बाजूला बसले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं. आता ते सगळं विस्कटलं.

"मी विचारायला आलोय," ते म्हणाले. "नाथाला संघात घ्यावं की घेऊ नये."

"घेतला न्हाय का?"

"घेतलाय तसा. पण तू नको म्हणालीस तर..."

"तर काय?" चंपा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी नको बोलले, तर उद्या धाकू माझ्या दारात येऊन बसंल. माझी नोकरी तुझ्यापायी गेली बोलंल. आनि मी हो बोलले, तर सगला पाडा बोलंल, बघा, तिनं माफ केला. दाजी, माझ्यावर टाकू नका. संघ तुमचा हाय."



"तो खेळतो चांगला," ती पुढे म्हणाली. "मना म्हायती हाय. लगीन झालं तवा मी बघायला जायची. टाळ्या वाजवल्यात मी त्याच्यासाठी. लोक सांगायचे, हरला की त्याचं डोकं फिरतं, खेळाडूचं तसंच असतं, सांभाळून घे. मी पन तसंच धरून चालले. कान गेला त्या दिवशी तो जिंकून आला होता. गळ्यात हार होता. त्यानं हार काढला, खुंटीला लावला आनि मंग मारलं."

"काय झालं होतं?"

"मी विचारलं, उशीर का झाला."

गोदूबाईने सुपातली सुकट एकदा जोरात पाखडली. दाजींनी चहा घेतला, पण तो कसा होता ते त्यांना नंतर आठवलं नाही. उठताना ते म्हणाले, "मी काहीतरी करतो."

"करा," चंपा म्हणाली. त्यात विनवणी नव्हती आणि विश्वासही नव्हता.

दाजींनी जे केलं ते अर्धंच केलं. त्यांनी सराव भाईंदरला हलवला, स्टेशनपलीकडच्या एका शाळेच्या पटांगणात. नाथाला सांगितलं की पाड्यात पाय ठेवायचा नाही. नाथाने मान हलवली. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. फ्रेडी खूश झाला. संघही राहिला, बाईलाही त्रास नाही. पोरं कामावरून थकून येत आणि पुन्हा भाईंदरपर्यंत चालत जात, पण कुणी कुरकुर केली नाही. चार दिवस दाजींना शांत झोप लागली. आपण मार्ग काढला, असं त्यांना वाटलं.

संक्रांतीच्या दिवशी नाथा पाड्यात आला. दिवसाढवळ्या, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा आणि नवं लुगडं घेऊन. गोदूबाईच्या दारासमोर उभा राहून त्याने चंपाला हाक मारली. ती बाहेर आली नाही. तो तिथेच अंगणात मांडी घालून बसला. बघता बघता माणसं जमली. तो कुणावर ओरडला नाही, शिवी दिली नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माझं चुकलं. मी दारू सोडलीय. मी आता या गावच्या संघाचा आहे. दाजींनी मला आपला म्हटलंय. माझ्या माणसाने मला आपला म्हणू नये?"

आणि पाडा विरघळला. पोरं म्हणाली, जाऊ दे ना वैनी. बायका म्हणाल्या, एवढा मोठा माणूस जमिनीवर बसलाय, अजून काय पाहिजे? एका म्हातारीने आत जाऊन चंपाच्या दंडाला धरून तिला बाहेर ओढायचा प्रयत्न केला. तेव्हा गोदूबाई कोयता घेऊन दारात उभी राहिली. दुपार कलल्यावर नाथा पेढे उंबऱ्यावर ठेवून उठला आणि जाताना म्हणाला, "येईन पुन्हा. घाई नाही मला."

दाजी कामावरून आले तेव्हा शालूने सगळं सांगितलं. "लोक तिला वेडी म्हणतायत," ती म्हणाली. "गावाचा एवढा फायदा होतोय आणि ही आडवी येतेय म्हणतायत. तुम्ही त्याला नुसतं संघात नाही घेतलं. तुम्ही त्याला पाड्याचा जावई करून टाकलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी, दाजी भाईंदरच्या खाडीवर गेले. नाथा रोज तिथे धावायला यायचा. दाजींना पाहून तो थांबला, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेत.

"तुला पाड्यात येऊ नको सांगितलं होतं."

"बायकोला घरी न्यायला गेलो. हा गुन्हा झाला?"

"ती येत नाही म्हणते."

"हो म्हणेल," नाथा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, खात्री होती. "सगळा पाडा माझ्या बाजूने आहे, दाजी. तुम्हीही आहात."

दाजींना ते शेवटचे शब्द अंगावर गार पाणी पडावं तसे लागले. खाडीत भरती चढत होती. एक होडी रेतीने भरून पलीकडे चालली होती.

"नाही," ते म्हणाले. "मी नाही. आजपासून तू सरावाला येऊ नकोस."

नाथा हसला. मग त्याच्या लक्षात आलं की दाजी खरंच बोलतायत. "माझं काय चुकलं? संघात काही कमी केलं मी?"

"संघात काही कमी नाही केलंस."

"दारू सोडलीय. पाया पडायला तयार आहे. अजून काय पाहिजे? जन्मभर खेळू नको मी? एका फटक्यासाठी?"

"एकाच?" दाजींनी विचारलं.

नाथा पाण्याकडे बघत म्हणाला, "माणूस बदलत नाही का दाजी?"

बदलत असेल. बदलला हे कशावरून कळायचं, किती दिवसांनी, आणि ते ठरवायचं कुणी, हे त्यांना त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की काल हा माणूस संघाचं नाव घेऊन एका बाईच्या दारात बसला होता आणि ती बाई तिच्याच घरात कोंडली गेली होती.

"बदल," ते म्हणाले. "जिथे खेळायचं तिथे खेळ, मी कुणाला काही सांगायला जाणार नाही. पण माझं नाव घेऊन तू तिच्या दारात बसलास. ते मला चालणार नाही."

नाथाचा चेहरा पालटला. दाजींनी तो तसा पहिल्यांदाच पाहिला. तो काही करणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांचं पाऊल आपसूक मागे गेलं. क्षणभरच. मग नाथाने पाठ फिरवली आणि तो धावायला लागला.

फ्रेडीच्या दुकानात त्या संध्याकाळी मोठं भांडण झालं.

"स्पर्धेला दिवस किती उरलेत?" फ्रेडी ओरडला. "आनि उद्यापासून तू कुनाकुनाच्या घरात डोकावनार हायस? अर्ध्या गड्यांचे बाप बायकांना मारतात. गडी पन मारत असतील. सगळ्यांना काढशील तर सात जन मिळतील काय तुला?"

"मिळणार नाहीत कदाचित," दाजी म्हणाले.

"मंग?"

"मंग काय ते मला माहीत नाही, फ्रेडी. मला सगळ्यांच्या घरातलं माहीत नाही. हे एक माहीत आहे. माहीत असून मी त्याला पाड्यात आणला आणि तिला बांधावरून यायला लावलं. हे मला डोळ्यांआड करता येत नाही."

"आनि ही पोरं? यांचं काय?"

धाकू दुकानाच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "कान तिचा गेला, त्याला दोन वर्सं झाली. तो काय परत येनार हाय? माझी नोकरी तर यायची हाय अजून." आणि तो निघून गेला.

त्याच्या जागी दाजी असते तर ते वेगळं बोलले असते, असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

सराव पुन्हा पाड्याच्या मैदानावर सुरू झाला. पोरं खेळायची, पण दाजींशी कामापुरतं बोलायची. धाकू तेवढंही बोलत नव्हता. नाथाच्या जागी लवू आला. लवू मेहनती, पण त्याच्या चढाईत दम होता, पायांत चपळाई नव्हती. चंपाशी पाड्यातल्या काही बायका पाण्यावर बोलेनाशा झाल्या. तिच्यामुळे संघ मोडला, असं उघड म्हणू लागल्या. शालूने कुणाशी वाद घातला नाही. ती आपला हंडा घेऊन चंपाच्या वेळेला विहिरीवर जायची आणि तिच्या उजव्या बाजूला उभी राहून पाणी शेंदायची. चंपाने दाजींना कधी 'बरं केलंत' असं म्हटलं नाही. एकदा रस्त्यात समोरासमोर आली तेव्हा तिने फक्त मान हलवली आणि पुढे गेली. तिने आभार मानावेत असं दाजींना आधी वाटलं होतं. ती गेल्यावर त्यांना त्या वाटण्याची लाज वाटली. तिच्या डोक्यावरचा जो भार होता तो त्यांनीच तर ठेवला होता.

स्पर्धेच्या आधी बातमी आली. भाईंदरच्याच एका मंडळाने नाथाला घेतलं होतं. त्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

पेणकरपाडा पहिल्या दोन फेऱ्या जिंकला. लवूने आपल्या कुवतीपेक्षा जास्त खेळ केला आणि बाकीचं धाकूच्या पकडींनी भागवलं. उपांत्य सामन्यात समोर नाथाचा संघ आला. मैदानाभोवती बांधलेल्या लाकडी पायऱ्या गच्च भरल्या होत्या. नाथा मैदानात उतरला तेव्हा शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. त्याने वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला.

तो सुंदर खेळला. दाजींना दुसरा शब्द सापडत नव्हता. आपल्याच संघाचे गडी एकेक करून बाद होताना बघूनही त्यांची नजर त्याच्यावरून हलत नव्हती, आणि त्यांना स्वतःचाच राग येत होता. शेवटी शेवटी पेणकरपाडा दोन गुणांनी मागे होता. नाथा चढाईला आला. धाकू या वेळी त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हता. नाथाची कंबर डावीकडे झुकली आणि धाकूने झेप घेतली. घोटा हातात आला. पक्की पकड होती. नाथा आडवा पडला. लवूने त्याच्या अंगावर झेप घ्यायला क्षणभर उशीर केला, तेवढ्यात नाथाने लांब शरीर ताणलं, धाकूला मातीतून फरपटत नेलं आणि मध्यरेषेवर बोटं टेकवली. पंचांनी शिट्टी वाजवली. पेणकरपाडा संपला.

लोकांनी नाथाला खांद्यावर घेतलं. पुढच्या दिवशी अंतिम सामनाही त्याच्याच संघाने जिंकला.

उपांत्य सामन्यानंतर पोरं माती धूत होती तेव्हा एका कंपनीचे निवड करणारे गृहस्थ दाजींजवळ आले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात छत्री. चांगले अनुभवी, कबड्डीतले जाणकार.

"हा नाथा आधी तुमच्याकडे सराव करत होता म्हणे," ते म्हणाले. "असला गडी सोडलात कसा? आम्ही त्याला घेतोय."

दाजी आजवर बाहेरच्या कुणाशी याबद्दल बोलले नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, "तो बायकोला मारायचा. तिचा कान गेलाय. ती आमच्या पाड्यात राहते."

गृहस्थ दाजींकडे बघत राहिले. मग हसले. वाईट नव्हतं ते हसणं, एखाद्या भोळ्या माणसाकडे बघून हसतात तसं होतं. "अहो, असं बघायला लागलो तर आमच्याकडे संघच उरायचा नाही," ते म्हणाले आणि दाजींच्या खांद्यावर थोपटून गेले. धाकूबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. तो मागेच नळावर उभा होता, कोपर आणि गुडघा सोलवटलेला, ओंजळीत पाणी घेऊन.

परत जाताना पोरं पुढे गेली. धाकू लंगडत होता, म्हणून मागे पडला आणि दाजी त्याच्या चालीने चालू लागले. दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन पसरले होते, त्यांत संध्याकाळचं आभाळ पडलं होतं. 

"तो हसला," धाकू म्हणाला.

"कोण?"

"तो टोपीवाला. तुमी सांगितलंत तवा." तो थांबून चालू लागला. "माझा बाप आयेला मारायचा तवा शेजारचे आसंच हसायचे. मी ल्हान होतो. मना वाटायचं, हसन्यासारखं काय तरी असंल त्याच्यात, मनाच कलत न्हाय."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. धाकू समोर बघत होता.

"म्हनून काय तुमचं बराबर होतं आसं मी बोलत न्हाय," तो म्हणाला. "माझी नोकरी गेली, दाजी. ते मी इसरनार न्हाय."

"विसरू नकोस."

"पुन्ना आसा कोन आला, तर पुन्ना काढाल?"

मिठाचे ढीग अंधारात पांढुरके दिसू लागले होते.

"घेणारच नाही," ते म्हणाले. "घेऊन काढला, त्यात तूही भरडला गेलास आणि तीही. आधी विचार करायला हवा होता, तो मी केला नाही."

पाय दुखत असतानाही धाकूने चाल वाढवली आणि तो पुढच्या पोरांत जाऊन मिसळला. दाजींनी त्याला हाक मारली नाही.